अक्कलदाढ आणि क्ष-किरण

अक्कलदाढ हा शब्द निघाला की ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक हसतात आणि निम्मे गालाला हात लावतात. हसणारे शब्दाला हसतात. हात लावणाऱ्यांना जुना ठणका आठवतो. एका कामगार कार्यकर्त्याने या विषयावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही. शाळेतही फार पुढे गेलेलो नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. परंतु आपल्या मलकापूरच्या जिन-प्रेसच्या कामगारांत वावरताना मी सुजलेले गाल पुष्कळ पाहिले आहेत. कापसाचा हंगाम ऐन भरात असतो, वीस-बावीस वर्षांचा जवान गडी गालाला फडके बांधून येतो. त्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, भाकरीचा तुकडा मोडून खाता येत नाही, आणि तीन-चार दिवसांचा रोज बुडतो. कोणी लवंग दाबायला सांगतो, कोणी मिसरी लावायला सांगतो, कोणी म्हणतो, "काढूनच टाक एकदाची." या साऱ्या सल्ल्यांत एक गोष्ट समान असते. आत काय आहे, हे सांगणाऱ्याने पाहिलेले नसते.

आत काय आहे हे पाहण्याची सोय माणसाला केव्हा झाली, कशी झाली, आणि त्या सोयीची किंमत कोणी मोजली, हा आजचा विषय आहे.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. 'अक्कल' हा शब्द अरबी. अरबांत ही शहाणपणाची दाढ होती, लॅटिन भाषेतही तिचे नाव त्याच अर्थाचे आहे. सर्वसाधारणपणे सतराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान ती उगवते, म्हणजे माणूस जाणता होण्याच्या वयात. म्हणून हे नाव. ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात शेवटच्या दाढा विसाव्या वर्षाच्या सुमारास येतात, क्वचित फार उतारवयात येतात आणि तेव्हा वेदना होतात, असे नोंदवून ठेवले आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत दंतमूलाच्या रोगांमध्ये 'अधिमांस' नावाचा एक विकार सांगितला आहे. जबड्याच्या अगदी मागच्या दाताशी मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणे, ही त्याची लक्षणे. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीला सूज येते तेव्हा नेमके हेच घडते. ते वाढलेले मांस छेदून त्यावर मधासह चूर्णे लावावीत, असा उपचारही तेथे दिला आहे. पुरातन वैद्याचे निरीक्षण किती बारीक होते हे यावरून कळते. तथापि त्याच्या नजरेची हद्द हिरडीपाशी संपत होती. हाडात दडलेली दाढ त्याला दिसणे शक्य नव्हते.

ही दाढ अडकते तरी का? जबड्याच्या प्रत्येक बाजूला आठ दात मावायचे असतात. पहिल्या सातांनी आपापली जागा धरली की शेवटी येणाऱ्या आठव्याला जागा पुरत नाही. मऊ, शिजवलेल्या आणि दळलेल्या अन्नामुळे जबड्याला पूर्वीइतके श्रम पडत नाहीत व त्याची वाढ कमी होते, हे एक कारण आज सामान्यपणे मानले जाते. आनुवंशिकतेचाही भाग आहे. गर्दीच्या गाडीत शेवटच्या स्टेशनावर चढणाऱ्याची जी गत होते, तीच हिची. ती आडवी होते, तिरकी होते, पुढच्या दाढेच्या पाठीत डोके खुपसते. पुढची दाढ किडते, मध्ये अन्न साचते, हिरडी पिकते. कधी पू गळ्याच्या बाजूला उतरतो आणि जिवावर बेतते. म्हणून हे दुखणे चेष्टेवारी नेण्यासारखे नाही.

क्ष-किरणांच्या पूर्वी दात काढणारा हा खऱ्या अर्थाने अंधारात काम करणारा माणूस होता. वर दिसणाऱ्या टोकावरून मुळे सरळ आहेत की वाकडी, दोन आहेत की तीन, हे ठरवायचे आणि चिमटा लावायचा. मूळ तुटून आत राहिले, जबडा मोडला, ओठ कायमचा बधिर झाला, तर दोष नशिबाचा.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या प्राध्यापकाला एक अनोखा किरण आढळला. स्वरूप अज्ञात म्हणून त्याने त्याला बीजगणितातल्या अज्ञात राशीचे नाव दिले. मराठीत आपण त्याला 'क्ष' म्हणतो. डिसेंबरअखेर त्याने आपला निबंध सादर केला. त्याने या शोधाचे पेटंट घेतले नाही. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, तेव्हा ती रक्कमही त्याने आपल्या विद्यापीठाला दिली. विद्या ही साऱ्यांची, असे मानणारा तो गृहस्थ होता.

पुढचे पाऊल आश्चर्य वाटावे इतक्या लवकर पडले. जानेवारी १८९६ मध्ये, म्हणजे बातमी फुटल्यानंतर काही आठवड्यांतच, ऑटो वाल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने काळ्या कागदात व रबरात गुंडाळलेली काचेची छोटी पट्टी स्वतःच्याच तोंडात धरली आणि दाढांचे चित्र घेतले. त्यासाठी त्याला पंचवीस मिनिटे निश्चल पडून राहावे लागले. आज तेच काम सेकंदाच्या लहानशा अंशात होते. चित्र अस्पष्ट होते. पण हाडाच्या आतला दात माणसाला, शस्त्र न चालवता, पहिल्यांदा दिसला.

त्याच वर्षी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स या दंतवैद्याने आपल्या दवाखान्यात क्ष-किरणांचे यंत्र बसवले. या माणसाची कथा नीट सांगितली पाहिजे. त्या काळच्या नळ्या लहरी असत. किरण पुरेसे निघतात की नाही हे ठरवण्यासाठी यंत्र चालवणारा स्वतःचा हात नळीसमोर धरी, पडद्यावर आपल्याच बोटांची हाडे पाही, आणि ती स्पष्ट दिसली की मग रोग्याचे चित्र घेई. केल्सने वर्षानुवर्षे हे केले. प्रथम कातडी जळाली, मग बोटांना कर्करोग झाला. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या; बोटे गेली, हात गेला, पुढे बाहूपर्यंत कापण्याची पाळी आली. १९२८ साली त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. ज्याच्या कामामुळे हजारो रोग्यांचे जबडे वाचले, त्याला स्वतःचा हात वाचवता आला नाही.

केल्स निदान स्वतःच्या दवाखान्याचा मालक होता. क्लॅरेन्स डॅली हा मात्र नोकर माणूस. एडिसनच्या प्रयोगशाळेत तो काच फुंकून नळ्या करी आणि त्या नळ्या स्वतःच्या हातांवर तपासून पाही. त्याचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली तो मेला. एडिसनने भिऊन हे संशोधन सोडून दिले. शोधांच्या इतिहासात एडिसनचे नाव प्रत्येक शाळकरी पोराला पाठ असते. डॅलीचे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले होते? धोक्याची सूचना कोणी दिली नव्हती असेही नाही. बॉस्टनचा विल्यम रोलिन्स हा दंतवैद्य. त्याने १९०१ च्या सुमारास गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवले की हे किरण प्राणी मारू शकतात. नळीभोवती शिशाचे आवरण घाला, डोळ्यांना शिसेमिश्रित काच लावा, रोग्याच्या अंगाचा नको तो भाग झाका, असे त्याने स्पष्ट सांगितले. पुष्कळ वर्षे त्याचे कोणी ऐकले नाही. गिरणीतल्या यंत्राच्या पट्ट्याला जाळी लावा म्हणून सांगणाऱ्या माणसाला जो अनुभव येतो, तोच त्याला आला.

पुढे यंत्रे सुधारली. १९१३ साली कूलिज याने तापलेल्या तारेची नवी नळी तयार केली. तिच्यामुळे किरणांची मात्रा हवी तशी ठेवता येऊ लागली आणि हात समोर धरून पाहण्याची गरज सरली. १९२३ मध्ये नळी व विद्युत्दाब वाढवणारे यंत्र एकाच तेलभरल्या डब्यात बंद झाले. तोपर्यंत भारी दाबाच्या तारा दवाखान्यात उघड्या असत आणि विजेच्या धक्क्याचे भय वेगळेच होते.

पण चित्र मिळाले म्हणजे अर्थ कळला असे नाही. हिशेबाची वही हाती येणे वेगळे आणि ती वाचता येणे वेगळे, हे संघटनेत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. अक्कलदाढेचे चित्र वाचण्याची पद्धत बसवली ती जॉर्ज विंटर या सेंट लुईसच्या दंतवैद्याने. खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेवरचा त्याचा मोठा ग्रंथ १९२६ साली निघाला. त्याने दाढेच्या कलावरून वर्ग पाडले: पुढे झुकलेली, उभी, आडवी, मागे कललेली. त्याच्या नावाने तीन रेषा आजही शिकवल्या जातात. पहिली पांढरी: पुढच्या दाढांच्या चावण्याच्या पृष्ठावरून मागे ओढलेली. तिच्यावरून अडकलेली दाढ किती खाली आहे हे कळते. दुसरी पिवळसर: हाडाच्या काठावरून जाणारी. तिच्या खाली दाढेचा जेवढा भाग, तेवढा हाडात. तिसरी तांबडी: या दुसऱ्या रेषेपासून, दाढेला जेथे हत्यार टेकवून उचलायचे त्या बिंदूपर्यंत सरळ खाली टाकलेला लंब. हा लंब पाच मिलिमीटरच्या पुढे गेला की काम अवघड समजायचे. विहीर खणण्याआधी दोर सोडून खोली मोजावी, तसाच हा प्रकार आहे. १९३३ साली पेल व ग्रेगरी या दोघांनी दुसरा हिशेब मांडला: मागे जबड्याच्या उभ्या हाडापर्यंत जागा किती, आणि दाढ किती खोल.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न नसेचा. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नळी जाते. तिच्यातून खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. अक्कलदाढेची मुळे कधी या नळीला टेकलेली असतात. दाढ काढताना नस दुखावली तर ओठ बधिर होतो, चहा हनुवटीवरून ओघळला तरी माणसाला कळत नाही. ही बधिरता बहुधा काही महिन्यांत जाते, पण कधी जन्मभर राहते. लंडनचे रूड आणि शेहाब यांनी १९९० साली चित्रातल्या धोक्याच्या खुणा तपासून मांडल्या. त्यांत तीन विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत: मुळावर जेथे नळी ओलांडते तेथे काळसर पट्टा दिसणे, नळीची पांढरी कड मध्येच तुटणे, आणि नळीने आपली वाट वळवणे. यांपैकी काही दिसले तर काढणाऱ्याने हात आखडता घ्यायचा आणि रोग्याला आधी सांगायचे.

मात्र साधे चित्र ही छाया असते. छायेत पुढचे-मागचे कळत नाही. भिंतीवरच्या सावलीत दोन माणसे एकमेकांना चिकटलेली दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये चार हात अंतर असते. यावर क्लार्क नावाच्या इंग्रज दंतवैद्याने गेल्या शतकाच्या पहिल्या दशकातच तोड काढली. नळी थोडी सरकवून दुसरे चित्र घ्यायचे. नळीबरोबर जी वस्तू सरकते ती जिभेच्या बाजूला, उलटी सरकते ती गालाच्या बाजूला. एका पैचेही नवे यंत्र न घेता, नुसत्या विचाराने मिळवलेले हे ज्ञान आहे.

फिनलंडच्या पाटेरो याने पुढे संपूर्ण जबडा एकाच पट्टीवर दाखवणारी रीत सिद्ध केली. १९६१ च्या सुमारास तिचे यंत्र बाजारात आले. यात फिल्म तोंडात घालावी लागत नाही. आपल्या भागात याचे महत्त्व विशेष आहे. सुजेमुळे ज्याचे तोंड उघडत नाही त्याच्या तोंडात मागे फिल्म बसवणार कशी? आणि तोंड न उघडण्याचे कारण प्रत्येक वेळी दाढच असते असेही नाही. सुपारी-गुटखा-खर्ऱ्याने गालाच्या आतले अस्तर कडक होते आणि तोंड हळूहळू मिटत जाते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सवय बंदीने गेली नाही. अशा माणसाची नुसती दाढ काढून भागत नाही. त्याच्या गालाची तपासणी व्हावी लागते. १९९० नंतर इटली व जपान येथे शंकूच्या आकाराच्या किरणशलाकेने तिन्ही मितींचे चित्र घेणारी यंत्रे निघाली. त्यांत मूळ व नस यांचे खरे अंतर कळते. मात्र किरणांची मात्राही त्यांत अधिक असते, म्हणून साध्या चित्रात धोक्याची खूण दिसली तरच त्या वाटेला जावे, असा जाणत्यांचा संकेत आहे. सामान्य छोट्या चित्राची मात्रा इतकी अल्प असते की पृथ्वीवर नुसते राहिल्याने काही दिवसांत मिळणाऱ्या किरणांहून ती फार नसते. त्याला भिण्याचे कारण नाही. विनाकारण वारंवार काढण्याचेही नाही.

आता एक प्रश्न उरतो. चित्रात अडकलेली दाढ दिसली, म्हणजे ती काढलीच पाहिजे का? पुष्कळ वर्षे अनेक देशांत, दुखत नसली तरी पुढे दुखेल म्हणून ती काढण्याचा प्रघात होता. २००० साली इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने सांगितले की रोग नसलेली अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. न काढलेल्या दाढेमुळे पुढची दाढ उशिरा किडते, असे काहींचे म्हणणे आहे. म्हणून ठेवलेल्या दाढेवर लक्ष ठेवणे हाही उपचारच होय. रोग्याने मात्र दोन प्रश्न विचारण्यास कचरू नये: "चित्रात काय दिसते ते मला दाखवाल का?" आणि "नाही काढली तर काय होईल?" चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

दात हा साक्षीदारही आहे, आणि ही साक्ष कामगारांच्या इतिहासाशी जोडलेली आहे. इंग्लंडच्या १८३३ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि तेरा वर्षांपर्यंतच्यांचे तास मर्यादित केले. पण जन्माची नोंद नाही, तेव्हा वय ठरवणार कोण? मालक आणि गरजू आईबाप दोघेही वय वाढवून सांगत. १८३७ साली एडविन साँडर्स या दंतवैद्याने मुलांचे दात तपासून पार्लमेंटपुढे पुस्तिका ठेवली: उंचीपेक्षा दात वयाविषयी अधिक खरे बोलतात. आपल्याकडे १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील, आणि १८९१ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना मज्जाव केला. पण १८८१ चा कायदा शंभराहून कमी माणसांच्या व वर्षातून चार महिने न चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हता. म्हणजे वऱ्हाड-खानदेशच्या कित्येक जिन त्यातून सुटल्या. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांची बाजू मांडत होते त्या दशकात हे घडत होते. तेरा वर्षांचा प्रश्न ज्या दाढेने सुटला ती दुसरी दाढ. अठरा वर्षांचा प्रश्न येतो तेव्हा आज अक्कलदाढेच्या मुळांची वाढ क्ष-किरण चित्रात पाहतात. ही कसोटी वय अदमासाने सांगते, दिवस-महिन्यांत सांगत नाही. म्हणूनच २०१५ च्या बालन्याय कायद्याने शाळेच्या व जन्माच्या दाखल्याला पहिला मान दिला आहे आणि दाखला नसेल तरच वैद्यकीय तपासणी सांगितली आहे.

आपल्या देशात दंतवैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण १९२० साली कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला आणि नोंदणीवाचून धंदा करण्यास आळा बसला. विदर्भाला सरकारी दंत महाविद्यालय मिळाले ते १९६८ साली, नागपुरात. किरणांच्या बाबतीत १९८३ साली मुंबईत अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. दंतवैद्याचे क्ष-किरण यंत्रही त्याच्या देखरेखीखाली येते. रोलिन्सने जे सांगितले होते ते नियमांत उतरण्यास एवढा काळ लागला. नियम झाला म्हणजे पाळला गेला असे नव्हे. म्हणून यंत्र चालवणाऱ्या तरुण सहायकाने फिल्म स्वतःच्या बोटाने रोग्याच्या तोंडात धरू नये, किरण सोडताना दूर किंवा आडोशाला उभे राहावे, हे त्याला शिकवलेले आहे की नाही, याची चौकशी करणे हे समाजाचे काम आहे.

आणखी एक उणीव सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा हा स्वतंत्र भारताने कामगाराला दिलेला मोठा आधार. १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे ती योजना सुरू झाली. पण हंगामी कारखाने तिच्यातून वगळले गेले, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत आरंभीच नाव आहे ते कापसाच्या जिनिंगचे, त्यामागोमाग प्रेसचे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखान्याचा अपवाद कायम आहे. ज्या उद्योगावर मलकापूरची बाजारपेठ उभी राहिली, त्या उद्योगातला मजूर आजारी पडला तर त्याचा बुडालेला रोज भरून देणारा विमा नाही. म्हणून तो चित्र काढण्याचे पैसे वाचवतो, आणि कुठेतरी न पाहता दाढ उपटली जाते. एकशे पंचवीस वर्षांहून जुने ज्ञान त्याच्यापर्यंत अजून पोहोचायचे आहे.

राँटगेनने आपला शोध विकला नाही. केल्सने आपला हात दिला, डॅलीने प्राण दिला. विंटर, क्लार्क, रूड आणि शेहाब यांनी त्या छायेची लिपी वाचायला शिकवली. एवढ्या लोकांनी मिळवलेली ही गोष्ट केवळ ऐपतदाराच्या तोंडापुरती राहू नये. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दातांच्या चित्राची सोय असावी, ती चालवणारा शिकलेला माणूस असावा, आणि हंगामी मजुराला विम्याचे छत्र मिळावे, या मागण्या नगरपालिकेपासून विधानसभेपर्यंत मांडता येण्यासारख्या आहेत. त्या आपण साऱ्यांनी मिळून मांडाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.